मे महिन्यातले मोजे

माझा कर्णा एकदा वलगावात बोलला आणि परतवाड्याच्या बाजारात म्हशी उधळल्या, हे मी कित्येक वर्षं सांगत आलो आहे आणि आजवर कोणी पुरावा मागितलेला नाही. अकोल्यात माझं मंडप-माईकचं दुकान. त्या दुकानात बसून मी जेवढं बोललो त्यातलं निम्मं जरी खरं असतं तरी मोर्णा नदीला बाराही महिने पूर राहिला असता. पण ऐकणारे हसत, चहा पीत आणि अजून एक गोष्ट सांगा म्हणत. पुरावा मागायची जागा एकच असते आणि तिथे माणूस एकदा तरी जाऊन बसेपर्यंत आपलं बोलणं किती हलकं आहे हे त्याला समजत नाही.

ज्या वर्षांची ही गोष्ट आहे त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात लग्नाचे मंडप आखडत चालले होते. ज्याच्या बापाच्या लग्नात माझ्या बापाने गावभर कापड ताणलं होतं, त्याचं लग्न आता देवळाच्या ओट्यावर उरकायचं. त्याऐवजी दौऱ्यांचे मंडप वाढले. मोठ्या गाड्यांतून साहेब यायचे, कोणा शेतकऱ्याच्या विधवेच्या ओसरीत पाच मिनिटं मांडी घालून बसायचे आणि मग आमच्या मंडपात येऊन माईकवर आश्वासन द्यायचे. एकदा तर इतक्या घाईत मंडप उभारला की साहेब निघून गेल्यावर समजलं, घरच चुकलं होतं; दुःख शेजारच्या घरी होतं. त्या दिवशी ज्या बाईचं सांत्वन झालं तिचा नवरा गाडीमागे धावत सांगत होता, “साहेब, मी जित्ता हाय जी!” ही गोष्ट मी फार रंगवून सांगतो. आता सांगणार आहे तिला मात्र रंग लागत नाही, मी लावून पाहिला आहे.

माझी थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणतो, नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात दिलेली. काळी जमीन, चांगली खोल. भाऊजी काविळीने लवकर गेले आणि अक्काने एकुलत्या पोराला वाढवलं. पोरगा मोठा झाला, त्याने चार हंगाम शेतात घातले आणि एक दिवस म्हणाला, “आई, मी अमरावतीले जातो.” सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये लागला. बायको केली ती शिकलेली, औषधाच्या दुकानात काउंटरवर बसणारी. हुशार पोरगी. गोळीचं पाकीट बघून ती माणसाचा आजार सांगायची, मी एकदा खोकल्याचं औषध मागायला गेलो तर म्हणाली, “मामाजी, खोकला नाही, तुमचा आवाज जास्त झाला आहे. दोन दिवस गप्प बसा.” दोन दिवस! मला तर दोन तासांत ताप भरला असता.

त्यांना मुलगी झाली. अक्का पहिले काही महिने अमरावतीला जाऊन राहिली, तेल लावलं, शेक दिला, झोळी हलवली. मग निंदणाचे दिवस आले, शेतात बाई मिळेना, आणि अक्का गावी परतली. सुनेची रजा संपली. पोरगी दीडेक वर्षाची झाली तेव्हा तिला जवळच्या कॉलनीतल्या पाळणाघरात ठेवायला लागले.

ते पाळणाघर चालवणाऱ्या बाईला सगळी कॉलनी काकू म्हणायची. आपणही काकूच म्हणू. मी तिला एकदा पाहिलं होतं. घर असं चकचकीत की फरशीत तुमचं तोंड दिसावं. दारात रांगोळी, भिंतीवर लोण्याच्या गोळ्यासकट बाळकृष्ण, त्याच्यापुढे सदा अगरबत्ती. आवाज एवढा गोड की माझ्या माईकलाही साखर चढली असती. लेकरं दहा-बारा. एवढी लेकरं एका खोलीत आणि आवाज म्हणाल तर नाही. मी भाच्याला म्हटलंही, “बावा, माया घरी एक पोट्टं रडलं तं मोहल्ला उठते, अन् इथं टाचणी पडलेली ऐकू येते. या बाईले मंत्र येते का काय?” सगळे हसले होते. सून अभिमानाने म्हणाली होती, “काकूंच्या हाताला शिस्त आहे.”

अमरावतीचा मे महिना ज्याने पाहिला नाही त्याला मी काय सांगू. दुपारी रस्त्यावरून कुत्रं चाललं तर ते पाय उचलून उचलून, नाचल्यासारखं चालतं. अशा मे महिन्यात एका संध्याकाळी पोरगी पाळणाघरातून घरी आली ती पायांत मोजे घालून. लोकरीचे, गुलाबी. सुनेने विचारलं तर काकू म्हणाली, गच्चीवर पळाली होती, फरशी तापलेली, तळपाय पोळले; मी मलम लावून मोजे घातले, माती लागायला नको. सुनेने मोजे काढून पाहिलं, फोड होते. तिने काकूचे आभार मानले. घरी सगळ्यांनी मानले. गच्ची तापते, हे कोणाला पटणार नाही?

पण पावसाळा लागला, आभाळ आठवडाभर उघडलं नाही, आणि त्या झडीत पोरगी पुन्हा मोजे घालून घरी आली. ती टाच टेकवत नव्हती. सुनेने मोजे ओढले, आणि औषधाच्या दुकानात बसणाऱ्या बाईला जे पहिल्या खेपेलाच दिसायला हवं होतं असं ती आजवर म्हणते, ते तिला दिसलं. डाग गोल होते. सगळे सारख्या मापाचे. अगरबत्तीच्या टोकाएवढे. बाळकृष्णासमोरच्या.

काकूची शिस्त ती अशी होती. रडणाऱ्या लेकराच्या तळपायाला ती उदबत्ती टेकवायची, कारण तळपाय मोज्यात लपतात. हे पोरगी सांगू शकत नव्हती. तिला तेव्हा ‘मम्म’, ‘बा’ आणि ‘जाऊ’ एवढंच यायचं.

मला फोन आला तेव्हा मी एका दौऱ्याचे खांब पुरत होतो. ते तसेच टाकून मी अकोल्याहून निघालो. अमरावतीत पोचलो तोवर नवराबायको ठाण्यात जाऊन परतही आली होती. हवालदाराने लिहून घेतलं होतं, पण अदखलपात्र म्हणून. म्हणजे ठाणं काही करणार नाही, तुमचं तुम्ही कोर्टात बघा. भाचा म्हणाला, “मामा, तो मले म्हणते, लेकरू काकूपाशी ठेवता काहून मग? घरी ठेवा ना.” मी हवालदाराला भेटायला गेलो. मोठ्या आवाजात विचारलं, “साहेब, पाळणाघराले लायसन लागते का नाई?” तो पान लावत म्हणाला, “भाऊ, पानठेल्याले लागते. पाळणाघराचं मले मालूम नाई.” आणि खरंच, तिने परवाना घेतला होता की नाही हे विचारणारं खातं कोणतं, हे आम्हाला त्या दिवशी कोणी सांगू शकलं नाही. या खिडकीवरून त्या खिडकीवर. माझ्या हातगाडीच्या जनरेटरला जास्त कागद लागतात.

सून मात्र थांबली नाही. तिने पोलिसांच्या मोठ्या साहेबांच्या कार्यालयात अर्ज दिला, बालकांसाठी जी समिती असते तिच्यासमोर पोरगी नेली, सरकारी दवाखान्यात पोरीची तपासणी करून घेतली. शेवटी गुन्हा दाखल झाला: तापलेल्या वस्तूने इजा केल्याचं कलम, आणि ज्याच्या ताब्यात लेकरू दिलं त्यानेच त्याला छळल्याचं कलम. कॉलनीतल्या दुसऱ्या आयांकडे ती दारोदार गेली. एक मास्तरीण होती, एक बँकेतली. “आमचं लेकरू तर खुश आहे,” असं दोघींनीही सांगितलं. सून म्हणाली, “त्यांना उद्या सकाळी लेकरू कुठंतरी ठेवायचंच आहे ना, मामाजी.” तिला त्यांचा रागही आला नव्हता. मला आला. मी त्या कॉलनीच्या गणपतीला पुढे कधी माईक दिला नाही.

आता मधली वर्षं मी सोडून देतो, कारण कोर्टाने ती तशीच सोडून दिली होती. तारीख पडायची, आम्ही जायचो, दुसरी तारीख घेऊन यायचो. मी अकोल्याहून एसटीने, अक्का नांदगावकडून एसटीने. माझं म्हणणं आहे की मूर्तिजापूरचा कंटाळलेला चहावाला माझ्याकडे बघून पंचांगाशिवाय सांगायचा की आज कोर्टाची तारीख आहे. साक्षी सुरू झाल्या तोवर पोरगी शाळेत जायला लागली होती, आणि तिला त्या घरातलं काहीच आठवत नव्हतं.

एक गोष्ट सोडून. त्यांच्या घरात अगरबत्ती लागत नसे. शेजारी लागली तरी खिडक्या बंद करायच्या.

खटला चालवणारी सरकारी वकील बाई वलगावची होती. तिच्या बापाचं तिथं पिंजाऱ्याचं दुकान. त्याच्या हातची गादी माझ्या लग्नात होती असं मी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं. ती म्हणाली, “मामा, वलगावातल्या सगळ्यांच्याच लग्नात आमच्या अब्बांची गादी होती म्हणतात. इतका कापूस पूरे वऱ्हाडात पिकला नाही.” मला ती तेव्हाच आवडली. तिने ठरवलं की न्यायाधीशांनी पोरीचे तळपाय एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावेत. पोरगी बापाच्या कडेवर कोर्टात आली. न्यायाधीश चांगले होते, चष्मा काढून हसले, जवळ बोलावलं. पण खाली बसणाऱ्या बाबूने सकाळी आपल्या टेबलावरच्या देवाच्या फोटोपुढे अगरबत्ती लावली होती, तिचा बुडखा अजून धुमसत होता. पोरगी तिथवर गेली आणि तिने असा आवाज काढला की माझ्या साऱ्या आयुष्यातल्या भोंग्यांना तो कधी जमला नाही. बापाच्या अंगावर ओली झाली. न्यायाधीश म्हणाले, “बाहेर न्या, बाहेर न्या, पाणी द्या.”

मी वकील बाईला म्हटलं, “झालं ना मग! यापेक्षा मोठी साक्ष कोणती?”

“ते लिहिलं नाही मामा.”

“काहून?”

“काय लिहायचं? मूल रडलं. काकूचा वकील म्हणाला, मुलं कोर्टात रडतातच. मी अर्ज करीन, पण मानतीलच असं नाही.”

नंतरची तारीख अक्काच्या साक्षीची होती. ती सकाळच्या गाडीने आली. कोर्टासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो, पलीकडे सून पोरीची वेणी घालत होती, आणि अक्का बशीत चहा ओतून तो न पिता तसाच धरून बसली होती.

“भाऊ,” ती म्हणाली, “तो वकील मले पोटाचं विचारन.”

“कोणाच्या पोटाचं?”

“पोट्टीच्या.”

मग तिने सांगितलं. पोरगी महिन्याचीही नव्हती तेव्हा तिचं पोट फुगायचं, रात्रंदिवस कळवळायची. सून म्हणायची थेंब देते, डॉक्टरने लिहिलेत, बाकी काही करायचं नाही. एक दिवस सून नव्हती, लेकरू निळं पडेस्तोवर रडलं, आणि अक्काने आपल्या आईने केलं, सासूने केलं तेच केलं. सुईला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला, त्याचं काळं तेल सुटलं आणि त्याचे ठिपके तिने पोरीच्या बेंबीभोवती ठेवले. आमच्याकडे निम्म्या माणसांच्या पोटावर ते ठिपके आहेत, माझ्याही आहेत. कातडी भाजते आणि काळा डाग राहतो तो जन्मभर. सुनेने संध्याकाळी विचारलं हे काय, तर अक्का म्हणाली, उष्णता झाली, पुरळ उठलं.

“मंग ठाण्यातनं लिहून घ्यायले आले ना,” अक्का म्हणाली, “तर त्यानं इचारलं, घरात कोणी डागलं होतं काय पोट्टीले कधी? मी म्हटलं नाई. सून बाजूलेच उभी होती. म्हटलं, नाई जी. अन् दवाखान्यातल्या डाक्टरनं लिहून ठेवलं हाय, पोटावर जुने भाजल्याचे डाग.”

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला तो काळोखाचा. काकूचा वकील काय म्हणणार ते मला मंडपातल्या भाषणासारखं ऐकू आलं. डॉक्टर म्हणतो भाजलं, आई म्हणते पुरळ, आजी म्हणते डागलं नाही. आणि पोटावरचे डाग पाळणाघराच्या आधीचे. म्हणजे या घरात लेकरू जाळतात आणि वरून खोटं बोलतात. मग तळपाय तरी काकूनेच कशावरून?

तेव्हा मी माझं काम केलं. मला दुसरं येतच नाही. मी म्हटलं, “अक्का, घाबरू नको. तू सांग का रिद्धपूरच्या यात्रेत एक वैदू भेटला होता. जटा इथपर्यंत. एक डोळा पांढरा. तू लेकरू मांडीवर घेऊन बसली असता त्यानं तुया हातातनं वढून घेतलं अन् बिब्बा लावून गर्दीत गडप. तू भ्यालीस म्हणून बोलली नाही. पांढऱ्या डोळ्याचा सांग, पांढऱ्या डोळ्याचं लोक खरं मानतात.”

अक्काने बशी खाली ठेवली.

“तुया गोठी मंडपात चालतात, बावा. तठी दोन खांब हालले तं लोक हसतात. अठी पोट्टीचे पाय हायत.”

ती उठून वकील बाईकडे गेली. मी मागे. वकील बाईने सगळं उभ्या उभ्या ऐकलं आणि हातातली फाइल छातीशी धरली.

“आजी, मी तुम्हाले काय बोलाचं ते शिकवू शकत नाही. खरं बोला, एवढंच सांगते. पण खरं बोलल्यानं केस वाचेलच असं समजू नका. अन् तुमच्यावरही उद्या कोणी बोट ठेवू शकते.”

“माया बोटानं झालं, मायावर ठेवा.”

“सुनेले सांगितलं काय?”

“नाई जी.”

“मग आधी ते सांगा. अंदर ऐकायला लावू नका तिला.”

अक्का व्हरांड्यातून सुनेकडे निघाली. मी पाहत होतो. पोरगी वेणीसाठी मान ताठ करून उभी होती, सुनेच्या तोंडात रिबन होती, तिने भुवया उंचावून ‘काय आई?’ असं विचारलं. अक्काने तोंड उघडलं. तेवढ्यात शिपायाने दारातून अक्काच्या नावाचा पुकारा केला, तीन वेळा, माझ्याहून मोठ्या आवाजात.

साक्षीच्या पिंजऱ्यात अक्का फारच लहान दिसत होती. सुनेची साक्ष आधीच झालेली, म्हणून तिला आत बसता येत होतं. पोरगी बापाजवळ बाहेर. वकील बाईने सरळ विचारलं, पोटावरचे डाग कशाचे? आणि अक्का म्हणाली, “बिब्ब्याचे जी. मी लावले. सुनेले मालूम नव्हतं. ठाण्यात मी खोटं बोलले, भेव वाटलं म्हणून.”

मी सुनेकडे बघितलं नाही. बघण्याची हिंमत माझ्यासारख्या बडबड्याचीही झाली नाही.

मग काकूचा वकील उठला. त्याच्या काळ्या कोटावरून इतकी वर्षं मी समजत होतो हा शहरी माणूस असेल, बिब्बा म्हणजे काय ते बाबूला विचारत बसेल. पण तो आमच्यातलाच निघाला, काळ्या मातीतला, त्याच्या बोलण्यातही तो हेल.

“आजी, म्हणजे पोरीला तुम्ही भाजलं.”

“पोटासाठी, हाव जी.”

“अन् पोलिसांना सांगितलं, नाही भाजलं.”

“हाव.”

“म्हणजे तुम्ही एकदा तरी खोटं बोललात. बरं. तळपायाचंही तुमचंच काम?”

“नाई जी. नाई.”

“आजी, तुम्ही शेतात राबता. पायात काटा मोडला, टाचेला भेग पडली तर काय लावता?”

मला समजलं. सगळ्या कोर्टात त्या क्षणी ज्यांची ज्यांची आई शेतात गेली होती त्या सगळ्यांना समजलं असेल. मी मनातल्या मनात ओरडलो, अक्का, तेल म्हण, हळद म्हण, पांढऱ्या डोळ्याचा वैदू म्हण!

“बिब्बा,” अक्का म्हणाली.

“तळपायाला?”

“तळपायाले. पण मोठ्या माणसाले जी. लहान लेकराच्या पायाले कोण...”

“एवढंच विचारलं आहे आजी. तळपायाला बिब्बा लावतात. लिहून घ्या.”

खालच्या यंत्रावर बोटं खटखटली. “मोठ्या माणसाले” लिहिलं असेलही; वकील बाई त्यासाठी उठून भांडली, न्यायाधीशांनी मान हलवली. पण मी माईकवाला आहे. कोणतं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं हे मला खोलीतल्या शांततेवरून समजतं.

बाहेर व्हरांड्यात सून भिंतीला टेकून उभी होती. अक्का तिच्यासमोर जाऊन थांबली. आमच्याकडच्या सासवा सुनेपुढे अशा थांबत नाहीत. सुनेचं बोलणं मी ऐकलं ते असं, अगदी हळू:

“आई, मी त्याच्यावर पावडर लावत होते. घामोळ्याची. रोज आंघोळीनंतर. मला वाटायचं लेकरू उगाच रडतं.”

सुनेने पोरीला उचललं. एवढी मोठी, शाळेत जाणारी पोरगी, तिचे पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. त्या दिवशी सून ती तशीच कडेवर घेऊन फाटकापर्यंत चालत गेली, आणि भाचा मागून रिकाम्या हातांनी.

निकाल लागला तेव्हा मी दौऱ्याचं कामही नाकारून गेलो होतो. न्यायाधीशांनी वाचलं ते बरंचसं मला समजलं नाही. इजा झाली हे मान्य. ती कोणी केली हे शंकेपलीकडे सिद्ध होत नाही. संशयाचा फायदा. काकू बाहेर आली, पदर सावरला आणि सगळ्यांना नमस्कार केला; मलाही. तिच्या बाजूच्या एका बाईने पेढे आणले होते.

अक्काने वकील बाईला विचारलं, “माया बोलण्यानं गेली काय वं, पोरी?”

वकील बाई आपल्या गळ्याची पांढरी पट्टी सोडवत होती. ती गाठ काही सुटत नव्हती. “आजी, चहा घ्या,” ती म्हणाली, “चला, चहा घेऊ सगळे.” आणि चहा घेता घेता तिने सुनेला सांगितलं की सरकार वर गेलं तर गेलं, पण आता कायद्याने घरच्यांनाही स्वतः अपील करता येतं, त्यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही. किती चालेल ते ती सांगू शकत नाही. सून म्हणाली, “करायचं.” तिने एवढंही विचारलं नाही की जिंकू का.

ते अपील अजून वर पडलेलं आहे. काकू दुसऱ्या कॉलनीत राहायला गेली, तिथल्या दारावर कसली पाटी आहे ते मी पाहिलं नाही. सुनेने औषधाचं दुकान सोडलं. पोरगी शाळेतून येते त्या वेळी ती दारात असते, पावसात, उन्हात, तापात. अक्का गावाहून येते, भाकरी-ठेचा करून आणते. तिला कोणी काही बोलत नाही. पोरगी तिच्या मांडीवर बसते, गोष्टी ऐकते. फक्त सून त्या वेळी स्वयंपाकघरात जात नाही. तांदूळ निवडायचे असले तर ती ताट घेऊन त्यांच्या समोर येऊन बसते.

मागच्या हंगामात नांदगावकडे भाच्याच्या चुलतघरी लग्न होतं. मंडप माझा. बरेच दिवसांनी असा भरलेला मंडप मी उभारला होता. भटजीने पाटाजवळ अगरबत्तीचा पुडा फोडला तसा मी माईक घेतला आणि गरजलो, “मंडळी, कापड नवीन आहे, आतून कापूर मारला आहे, ठिणगी पडली तर खंडेश्वराच्या देवळापर्यंत आग जाईल! कोणी काही पेटवू नये!” लोक हसले. कापूर मारलेलं कापड जगात कुठे नसतं. पण पुडा मिटला. पुरावा कोणी मागितला नाही.

पोरगी नव्या फ्रॉकमध्ये होती आणि पायांत मोजे. मोज्यांशिवाय ती कुठेच जात नाही, मे महिना असला तरी. मंडपाच्या दारात तिने बूट काढले, अक्काने वाकून ते उचलले आणि ती ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली. “आजी, चल ना अंदर,” पोरगी म्हणाली आणि तिने अक्काचं बोट धरलं. दोघी गर्दीतून नवरीकडे चालल्या.

बायकांच्या रांगेत सुनेला कोणी तरी हळदीकुंकू लावत होतं. तिने कपाळ पुढे केलं होतं, पण डोळे त्या दोघींवर होते. कुंकू नाकावर सांडलं तरी तिने ते हलवले नाहीत.